दारातले बर्फवाले साहेब

बेटावर विकासाचं ऑफिस उघडलं तेव्हा साहेबांच्या डोक्यावर केस होते आणि पेटीत दोन वर्षांपुरते कपडे. केस गेले, कपडे विरले, साहेब तिथंच. मधल्या काळात त्यांनी गोड्या पाण्याची टाकी बांधून घेतली, धक्का लांबवला, बायकांना शिलाईयंत्रं मिळवून दिली. लोकांनी मात्र नाव ठेवलं ते एकाच कामावरून : बर्फवाले साहेब.

त्याआधी बेटाची मासळी दुपार कलायच्या आत नाकाला रुमाल लावायला लावायची. व्यापारी बोटीतून उतरायचा, हुंगायचा, म्हणेल त्या भावात उचलायचा. साहेबांनी वरिष्ठांचे उंबरे झिजवून बर्फाचा कारखाना आणला. मासळी टिकली, पण माणसांचं काय? वरच्या आणि खालच्या आळीचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ‘त्यांना अख्ख्या लाद्या, आम्हाला वितळलेल्या!’ हे रोजचं. शेवटी साहेबच कारखान्याच्या दारात उभे राहून लाद्या वाटायला लागले. मासळी एकत्र ठेवा, एकत्र विका, म्हणून त्यांनी घसा फोडला. सभेत सगळे माना डोलवायचे आणि धक्क्यावर आले की पुन्हा दोन ढीग.

आता निवृत्ती तोंडावर आली होती.

“लेक कधीची बोलावतेय,” बायको म्हणाली.

“मी हललो की कारखाना बुडाला म्हणून समज.”

“मग मी एकटी जाते. तुम्ही बसा लाद्यांशी संसार करत.”

निवृत्तीच्या सह्यांसाठी साहेबांना पाण्यापलीकडच्या शहरात जावं लागलं, आणि नेमका वारा सुटला. बोटी बंद. लॉजवर अडकले. कारखान्याच्या वॉचमनचा फोन आला, “साहेब, एक मशीन बंद पडलंय. बर्फ निम्माच. आणि दोन्ही आळ्यांच्या होड्या भरून येतायत.” पुढं फोनच लागेना. साहेबांना जेवण जाईना. डोळ्यांसमोर डोकी फुटताना दिसत होती.

वारा पडल्यावर पहिल्याच बोटीनं ते परतले. धक्क्यावर आरडाओरडा नव्हता, त्यानं ते जास्तच घाबरले. तसेच कारखान्याकडं पळाले.

आत एकच मोठा ढीग. दोन्ही आळ्यांच्या बायका भोवती बसून, लालबुंद हातांनी मासळीवर बर्फ पसरत होत्या. त्यांच्यात वरच्या आळीची आत्या. तिच्या जिभेला अख्खं बेट भ्यायचं.

“साहेब, पाय काढा. बर्फावर उभे आहात.”

साहेब मागं सरकले. “भांडण नाही झालं?”

“कुणापाशी करायचं? तुम्ही नव्हतात ना!”

खालच्या आळीची एक जाडजूड बाई खदखदली. “ऐकायला माणूस नसला की तक्रारीत राम राहत नाही, साहेब. तोंडं वाजवत बसलो असतो तर बर्फाचं पाणी झालं असतं. दोन ढिगांना पुरेना, एकाला पुरला. टाकलं एकत्र.”

“आणि व्यापारी?”

“तोही वाऱ्यामुळं इथंच अडकलेला. आला होता माझ्या कानाला लागायला,” आत्या म्हणाली. “म्हणाला, त्यांच्यापेक्षा तुला जास्त देतो. मी हिला हाक मारली, ‘अगं ये, हा बघ काय म्हणतोय!’ गेला पाय आपटत. आणि आला परत, आमच्या भावानं.”

“अहो, इतकी वर्षं मी दुसरं काय सांगत होतो?”

“सांगत होतात. पण दारातनं हलत कुठं होतात?”

साहेबांना क्षणभर झोंबलं. मग मानेवरचं जू कुणीतरी उतरवावं तसं वाटलं, आणि हसूच फुटलं. दोन मिनिटं उगाच घुटमळले. कुणी काही विचारेना. तेव्हा घरची वाट धरली.

बायको ओट्यापाशी होती. “काय झालं तिकडं? रंग उडालाय तोंडाचा.”

“हाकललं मला.”

“कुणी?”

“दोन्ही आळ्यांनी मिळून. लेकीला फोन लाव. म्हणावं, दोघं येतोय.”

तिनं हात पुसून फोन हातात घेईपर्यंत साहेब भर दुपारी, तोंडावर टॉवेल टाकून, घोरायला लागले होते.