सात नंबरचा पंच

मायक्रोमीटर माझ्या हातून पडला होता.

हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, फौजेतल्या दोस्तांना नाही, शिवमंदिरात पिंडीसमोर हात जोडून उभा असताना मनातल्या मनातसुद्धा नाही. माझ्याबद्दल जे सांगण्यासारखं आहे ते गावभर माहीत आहे. कमांडो होता, विमानातून उड्या मारल्या, मग अग्निबाणाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मोठा साहेब झाला. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत कुठल्याही शाळेत बक्षीस समारंभ असला की मला बोलावतात आणि विषय देतात, नेतृत्व. हा शब्द ऐकला की हल्ली समोरचा माइक उचलून फेकावासा वाटतो.

ऐंशीच्या दशकात मी फौजेत होतो, छत्रीधारी कमांडोंच्या पलटणीत. कुठे काय केलं ते लिहिणार नाही. इथे त्याचा संबंध नाही. संबंध आहे तो एका रिवाजाचा. पॅराशूटची घडी घालणारी माणसं आमच्याकडे वेगळी असत. लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, दोऱ्या मोजायच्या, घडी घालायची आणि पिशवीच्या खिशातल्या कार्डावर सही करायची. आमचे मेजर कुठल्याही सकाळी त्या खोलीत शिरायचे, एका पॅराशूटवर छडी टेकवायचे आणि कार्डावरचं नाव वाचायचे. "चल बेटा, आज ये तू पहन." ज्याची सही, त्याची उडी. जो चेहरा न बदलता पट्टे आवळायचा, त्याच्या हातची घडी आम्ही डोळे मिटून पाठीवर घ्यायचो.

एका सरावाच्या उडीत वारा फिरला आणि मी खडकाळ जागी उजव्या अंगावर आपटलो. गुडघा आणि मनगट. पुढे दोन्ही बरं झालं असं कागदावर लिहिलं गेलं. पण थंडीत उजव्या हाताची दोन बोटं अधूनमधून माझी नसल्यासारखी वागायची. वस्तू धरलेली असायची, आणि पुढच्या क्षणी नसायची. हे मी लपवलं. कमांडोच्या हातात चहाचा कप थरथरतो हे कोण सांगणार!

फौज सुटली. अंबरनाथला घरी आलो आणि एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात तपासणीच्या कामावर लागलो. मालक उल्हासनगरचे सिंधी. त्यांच्या वडिलांनी निर्वासितांच्या कॅम्पातल्या बराकीत एका जुन्या लेथवर नटबोल्ट बनवत सुरुवात केली होती. या कारखान्याला दक्षिणेतल्या अंतराळ केंद्राचं काम मिळालेलं. अग्निबाणात इंधनाच्या नळ्या जोडणारे स्टीलचे जोड, अंगठ्याएवढे. वीस मायक्रॉनची चूकही चालायची नाही. म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण चौथा भाग.

प्रत्येक टर्नरचा, म्हणजे लेथ चालवणाऱ्याचा, एक नंबर असे आणि त्या नंबराचा पोलादी पंच, म्हणजे ठसा. जोड तयार झाला की टर्नर पंच ठेवून हातोडीचा एक ठोका मारायचा. मग तो माझ्याकडे यायचा, मी मोजायचो आणि माझा शिक्का मारायचो. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना उभं करून पॅराशूटच्या कार्डाची गोष्ट सांगितली. खूप जोशात सांगितली. मागून एकच आवाज आला.

"साहेब, मंग आमचा पंच बघून आमाला अग्निबाणात बसवनार काय?"

सगळे हसले. बोलणारा सात नंबर. बदलापूरपलीकडच्या गावातला, शेतकरी घरातला, पन्नाशीचा माणूस. सगळे त्याला मामा म्हणत.

मी म्हणालो, "बसाल का मामा?"

"माझ्या जोडावर बसीन. याच्या जोडावर नाय." त्याने शेजारच्या टर्नरकडे बोट केलं. "यो काल लग्नाला जाऊन आलाय."

मामाचे जोड मोजायला मला लाज वाटायची, इतके ते बरोबर असायचे. तरी तो प्रत्येक जोड शेवटी फडक्याने पुसून, हलकं पॉलिश मारून द्यायचा. म्हणायचा, "पोरीला सासरी धाडताना तोंड पुसून धाडतात ना, तसं."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती जानेवारीतली सकाळ. चोवीस जोडांची खेप संध्याकाळी जायची होती आणि सगळ्यांवरचा शेवटचा काप मामाला त्याच दिवशी घ्यायचा होता. मामाचा स्वतःचा मायक्रोमीटर, म्हणजे जाडी मोजायचं हत्यार, तपासणीला बाहेर गेलेला, म्हणून मी माझा त्याच्या मशीनवर ठेवायला निघालो. शॉपमध्ये, म्हणजे मशिनांच्या खोलीत, अजून कुणी आलेलं नव्हतं. तो माझ्या हातून सिमेंटवर पडला. आवाज आजही ऐकू येतो, बारीक, टिण्.

पडलेलं मोजायचं हत्यार लाल पेटीत टाकायचं आणि तपासून आल्याशिवाय वापरायचं नाही, हा नियम भिंतीवर लावलेला होता. माझ्याच अक्षरात. त्या कागदाच्या खाली उभा राहून मी तो मायक्रोमीटर रुमालाने पुसला आणि डबीत ठेवला. दुसरा आणायचा तर खेप अडकली असती, आणि का अडकली ते सांगावं लागलं असतं.

मामाने हातात घेतला, दोनदा फिरवला.

"साहेब, यो आज जड फिरतोय. पडलाबिडला का?"

"मी पाडेन का, मामा?"

"मंग झिरो बघून घेऊ?"

"सकाळीच बघितलाय मी. वेळ घालवू नका."

शेजारचा टर्नर म्हणाला, "मामा, फौजी विमानातून पडला तरी हातातलं सोडत नाय." सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. पडण्याचा नाही. कुणाच्याही हातून वस्तू निसटते. पण तो हसणारा माणूस मीच होतो, आणि तेव्हा माझी बोटं खिशात होती.

खेप संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी मी एकट्याने मायक्रोमीटरचा झिरो बघितला. जबडा पूर्ण मिटला की काटा शून्यावर यायला हवा, तो वीस मायक्रॉन पुढे होता. म्हणजे चोवीसही जोड तेवढेच बारीक कापले गेले होते, आणि त्याच हत्याराने मोजून मी त्यांच्यावर शिक्का मारला होता. तेव्हाही वेळ होती. एक फोन केला असता तर खेप वाटेतच थांबली असती. मी छोटी चावी घेतली आणि झिरो परत जागेवर आणला. आणि फोन केला नाही. ते जोड तसेच अग्निबाणात बसले असते तर, हा विचार मी त्या दिवशी केलासुद्धा नाही. मी फक्त माझा विचार केला.

तिकडच्या तपासणीत सगळी खेप नापास झाली. मालक शॉपमध्ये आले, सगळी मशिनं बंद करायला लावली. आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मायक्रोमीटर मागवला, स्वतः झिरो बघितला. बरोबर. अर्थात बरोबर.

"फौजी, सच बोल. मायक्रोमीटर गिरा था क्या?"

"नाही."

"फिर चोवीस पीस बारीक कसे झाले, साईं?"

मी म्हणालो, "मामा शेवटी पॉलिश मारतात. माझ्या शिक्क्यानंतर पुन्हा हात फिरवला असेल."

फडक्याच्या पॉलिशने वीस मायक्रॉन जात नाहीत. हे मला माहीत होतं, मामाला माहीत होतं, तिथल्या प्रत्येक टर्नरला माहीत होतं. पण पॅराशूटच्या कार्डाची गोष्ट सांगणारा माणूस खोटं बोलेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मालक मामाकडे वळले. "मामा, तुम बोलो."

"मी इचारला व्हता, शेट. पडला का म्हनून." मामा माझ्याकडे बघत राहिला. त्या नजरेत संशय असता तर मी कदाचित बोललो असतो. तो नुसता वाट बघत होता. मी खाली त्या सिमेंटकडे बघितलं.

"साहेब नाय म्हनतात, तर नाय पडला," तो म्हणाला. मग स्वतःचा उजवा हात वर करून बघितला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. "मंग माझा हात गेला."

मालकांनी त्याला काढलं नाही. स्टोअरमध्ये ये म्हणाले, पगार तोच ठेवतो म्हणाले. मामा म्हणाला, "हात गेल्यावर मशीनच्या वासात कशाला बसू, शेट?" आणि पंच माझ्या टेबलावर आणून ठेवला. रीतच होती ती, जाणाऱ्याने पंच जमा करायचा. "सांभाळा साहेब," म्हणाला. शिवी दिली असती तर! कॉलर धरली असती तर! त्याच्या त्या विश्वासाचा मला कित्येक वर्षं राग येत राहिला. माझ्यावर इतका विश्वास ठेवायला त्याला कुणी सांगितलं होतं? मीच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, सगळ्यांना उभं करून.

जोड पुन्हा बनले, दुसऱ्या टर्नरने बनवले, माझ्याच शिक्क्याने गेले. अग्निबाण वर गेला तेव्हा कॅन्टीनमधल्या टीव्हीसमोर आम्ही टाळ्या वाजवल्या. मालकांनी पेढे वाटले आणि हार माझ्या गळ्यात घातला. पुढच्या वर्षी मी मॅनेजर झालो. मग शाळा, माइक, नेतृत्व. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला कधी भीती वाटली?" मी तिला उडीची गोष्ट सांगितली. वारा, खडक, मनगट. मुख्याध्यापिकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ढोंगी माणूस स्वतःच्या आवाजाला किती भुलतो ते मला त्या स्टेजवर कळलं. आणि तरी पुढच्या आमंत्रणाला मी हो म्हणालो.

गेल्या महाशिवरात्रीला बायको शिवमंदिराच्या जत्रेतून लाटणं घेऊन आली.

"अहो, बघा ना किती सुरेख आहे. एक म्हातारे मामा स्वतः बनवतात. मी म्हटलं, दुसरं दाखवा, तर म्हणाले, कुठलंही घ्या ताई, सगळी सारखीच."

लाटण्याच्या टोकाला तापल्या तारेने डागलेला आकडा होता. सात.

मी ते कारखान्यात नेलं. बायकोने विचारलं कशाला, तर काहीतरी थाप मारली. आता त्याची सवयच आहे. केबिनचं दार लावून मायक्रोमीटर काढला, आधी झिरो बघितला, आणि लाटण्याची दोन्ही टोकं मोजली. पुन्हा मोजली. दोन्ही टोकांत वीस मायक्रॉनचाही फरक नव्हता. लाकडात! जत्रेत विकायच्या लाटण्यात, जिथे कुणी मोजणार नाही, पोळी गोल झाली की झालं, तिथे तो माणूस निकामी ठरवून टाकून दिलेल्या हाताने ही कारागिरी करत होता. आणि घरी जाऊन बहुधा अजूनही तो हात वर करून बघत असेल.

तेव्हा मला रडू आलं नाही. संताप आला. टेबलावरचा 'उत्कृष्ट नेतृत्व' लिहिलेला काचेचा ठोकळा मी कचऱ्याच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी शिपायाने तो पुसून परत जागेवर ठेवला, आणि मी तो तिथेच राहू दिला.

लाटणं घरी परत आणलं. बायको रोज त्याच्यावर पोळ्या लाटते, मी रोज खातो. मामाचं गाव इथून रिक्षाने पाऊण तास आहे. एक वर्ष होत आलं, मी गेलेलो नाही. ही पुढची जत्रा तोंडावर आलीय. हे लिहिलेलं कुठे छापून आलं तरी मामा वाचणार नाही, त्यामुळे लिहून माझी सुटका झाली असं मी समजत नाही.

मामाचा हात गेला नव्हता, माझा गेला होता. हे त्याला सांगणं माझ्यावरचं देणं आहे, त्याच शॉपमध्ये, मालकांसमोर आणि त्या दिवशी हसलेल्या सगळ्यांसमोर. आणि सात नंबरचा पंच त्याच्या हातात परत देणंही. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.