जावई गप्प बसेल असा देश

सासूबाईंचा पासपोर्ट मी साठ अंशांवर धुतला.

मुद्दाम नाही हो. चांगुलपणा नडला. प्रवासाला निघायच्या चार दिवस आधी त्यांचं जाकीट मळलेलं दिसलं आणि 'आईंना खूश करू' म्हणून मी ते गुपचूप मशीनमध्ये टाकलं. त्याला आतून त्यांनी स्वतः शिवलेला चोरखिसा आहे, हे मला काय माहीत! दोन तासांनी जाकीट बाहेर आलं ते झकास. पासपोर्ट बाहेर आला तो चहात पडलेल्या टोस्टासारखा. मी घाबरून त्याला इस्त्री केली. त्याने फोटोवरचं प्लॅस्टिक वितळलं आणि सासूबाईंच्या कपाळावर मोठा फुगा आला.

त्यांनी ते पुस्तक हातात घेतलं, फुगा अंगठ्याने दाबून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "पुष्करराव, आता स्लोव्हेनियाला काय तुमच्या इस्त्रीचा शिक्का दाखवू?"

ऊर्मिला खराडे, वय चौसष्ट, मुक्काम मिरज, एसटीतून निवृत्त वाहक. दर उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे जर्मनीत उंटरश्लाइसहाइमला येतात. गावाचं नाव पहिल्याच वर्षी त्यांनी 'उंटाचं शील' असं करून टाकलं आणि त्याच नावाने त्या मिरजेला फोनवर पत्ता सांगतात. हे त्यांचं पाचवं वर्ष. पाच वर्षांत त्या जर्मन माणसांशी जे काही बोलल्या, ते सगळं माझ्या तोंडून. आणि तिथेच बिनसलं होतं.

म्हणजे असं, की बाजारात चीज विकणाऱ्या बाईला आई पाच मिनिटं मिरजेच्या म्हशी, त्यांचं दूध आणि चरवीतून ते चोरणारा गवळी सांगणार. ती बाई माझ्याकडे आशेने बघणार. मी म्हणणार, "झेअर गूट." फार छान. संपलं. आईंना जर्मन येत नसलं तरी लांबी कळते. एकदा घरी आल्यावर म्हणाल्या, "मी अथणीपर्यंतचं बोलले. तुम्ही मला मधेच म्हैसाळला उतरवलंत."

म्हणून यंदा त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं होतं, की एक सहल त्या ठरवणार. अट एकच. जिथली भाषा जावयालाही येत नाही, असा देश पाहिजे. तिथे दोघंही सारखे मुके. मग बघू कोण बोलतं ते. फ्रान्स बाद, कारण मला 'बाँजूर' येतं. चेक बाद, कारण मी ऑफिसच्या कामाला दोनदा जाऊन तिथे बिअर मागायला शिकून आलो होतो. नकाशावर बोट फिरवत त्या स्लोव्हेनियावर थांबल्या. मी म्हटलं, "हा स्लोव्हेनिया. स्लोव्हाकिया वेगळा बरं का."

"कुठलाबी चालंल. दोन्हीकडे तुम्ही गप्पच न्हवं?"

तो देश मी धुऊन टाकला होता. वकिलातीचा टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाला, पण नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत त्यांची परतीची तारीखच आली असती. आई दोन दिवस नुसत्या पोळ्या लाटत राहिल्या. आमची नऊ वर्षांची ईप्सिता त्यांच्याकडे बघून मला जर्मनमध्ये म्हणाली, "आजी दुःखी आहे." ते मला कुणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

वाट काढली ती माझ्या बायकोने. स्वरूपाने पीएचडी केली तेव्हा तिच्या प्रयोगशाळेत बाउत्झेनकडची एक मुलगी होती, सॉर्ब जमातीची. स्वरूपा म्हणाली, "आई, जर्मनीच्या आतच एक स्लाव्ह देश आहे. म्हणजे त्यांना राजा नाही, लष्कर नाही, पासपोर्ट लागत नाही. पण लोक वेगळे, भाषा वेगळी. याला त्यातलं एक अक्षर कळणार नाही."

"देश कसला मग? हद्द तरी हाय का त्याला?"

"हद्द नाही. पण पाट्या दोन भाषांत आहेत."

आईंनी लाटणं खाली ठेवलं. मिरज–अथणी गाडीवर त्यांनी अकरा वर्षं काढलेली. "कागवाडला पाटीची भाषा बदलली की आम्ही कर्नाटकात," त्या म्हणाल्या. "पाटी बदलली म्हणजे झाली की हद्द. कधी निघायचं?"

एक अडचण होती. ते लोक आपसात सॉर्ब बोलतात, पण जर्मनही त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. तेव्हा आईंनी नियम केला, की बाउत्झेन स्टेशनवर उतरल्यापासून परत येईपर्यंत मी जर्मनचा एकही शब्द काढायचा नाही. हो म्हणायला 'या' नाही, 'अगदी बरोबर'चं 'गेनाऊ'सुद्धा नाही. ज्याने पासपोर्ट उकळला, त्याला अपील कुठलं? मी कबूल झालो. स्वरूपा म्हणाली, "तुमचं भांडण आहे, तुम्ही दोघंच जा." आणि एका चिठ्ठीवर तिने आईंना त्या भाषेतला एकच नमस्कार लिहून दिला: दोब्री जेन.

शुक्रवारी गाडीत बसलो. सहा तास आई 'दोब्री जेन, दोब्री जेन' घोकत होत्या. स्टेशनावर 'बाउत्झेन'च्या खाली 'बुडिशिन' दिसलं तशी त्यांनी पाटीला रीतसर हात जोडले आणि माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.

शनिवारी सकाळी जवळचं एक सॉर्ब गाव बघायला निघालो, तर बसथांब्यावर एक म्हातारी बसली होती. पायघोळ काळा घागरा, निळं एप्रन, डोक्याला घट्ट रुमाल, मांडीवर टोपली. आईंची इरकली साडी, पायात पांढरे स्पोर्ट शूज, खांद्याला आडवी पिशवी. दोघींनी एकमेकींना वरून खाली असं न्याहाळलं, की लग्नाला आलेल्या दोन विहिणी वाटाव्यात.

"दोब्री जेन!" आई खणखणीत म्हणाल्या.

म्हातारीची हनुवटी वर गेली. तिनेही 'दोब्री जेन' म्हणून काहीतरी विचारलं. आईंची चिठ्ठी तर तिथेच संपली होती. आईंनी वेळापत्रकाच्या खांबाकडे बोट दाखवलं आणि सरळ मिरजेच्या स्टँडवर उभ्या असल्यासारखं विचारलं, "बस हाय का?"

"हाय, हाय!" म्हातारी म्हणाली.

आई माझ्याकडे वळल्या. डोळे एवढे मोठे. "पुष्करराव! हाय म्हणती की ही!"

मला नंतर कळलं, की त्यांच्या भाषेत 'हो'ला 'हाय'च म्हणतात. पण त्या क्षणी मला घाम फुटला. कारण हेच 'हाय' आमच्या घरात रोज दुरुस्त होतं. ईप्सिता रविवारच्या मराठी शाळेतून येऊन सांगते, "आजी, हाय नाही, आहे." मी पुण्याचा, मीही हसून मान डोलावतो. आणि इथे दोन हजार कोसांवर, माझ्या शुद्ध मराठीला कुत्रं विचारत नसताना, मिरजेचं 'हाय' थेट पोचलं होतं.

"लांब हाय का गाव?" "हाय." "तुमी तिथल्याच का?" "हाय, हाय!" म्हातारीची तर खात्रीच पटली, की ही साडीवाली बाई त्यांची भाषा जाणते. ती सुटलीच. नाव हान्का, एवढं छातीवर हात ठेवल्यामुळे मलाही कळलं. बस आली. आईंनी शेजारी जागा पकडली आणि सवयीने थांब्याची घंटा दोनदा दाबली. डबल बेल म्हणजे गाडी हाण. ड्रायव्हरने ताबडतोब गाडी थांबवून मागे पाहिलं. हान्काबाईंनी त्याला काहीतरी असं सुनावलं, की तो बिचारा पुढे बघून चालवायला लागला.

बसमध्ये हान्काबाई विचारत होत्या, आई 'हाय की' म्हणत होत्या. अशाच एका 'हाय की'नंतर त्या दोघी हातात हात घालून भलत्याच थांब्यावर उतरल्या. आम्ही ठरवलेलं गाव अजून तीन थांबे पुढे होतं! मी तोंड उघडलं. आईंनी मागे न बघता बोट ओठांवर ठेवलं. मी तोंड मिटलं आणि पिशव्या घेऊन मागोमाग निघालो, म्हशीच्या मागे रेडकू जातं तसा.

आईंनी जेवायचं आमंत्रण स्वीकारलं होतं, हे मला टेबलावर तिसरी ताटली मांडली गेली तेव्हा समजलं.

नंतरचे तीन तास काय सांगू! बटाटे झाले, ताक झालं, केक झाला. आईंनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली, हान्काबाईंनी ती केकवर घेतली आणि खोकत खोकत आणखी मागितली. त्यांनी साडीच्या निऱ्या मोजल्या, आईंनी घागऱ्याच्या. मी चुळबुळत बसलो होतो. जर्मनमध्ये बोललो असतो तर सगळं दोन मिनिटांत उलगडलं असतं. जीभ नुसती खाजत होती.

मग हान्काबाईंनी भिंतीवरची तसबीर काढून आणली. टोपी घातलेला माणूस, मागे दुधाचा टँकर. काच एप्रनने पुसून त्या बोलायला लागल्या. सावकाश, एकसारखं, पंधरा मिनिटं. मला एक शब्द कळला नाही. आई मात्र बरोब्बर जागच्या जागी 'अगंबाई' म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "आमचंबी ड्रायव्हरच."

आणि त्या बोलल्या. स्वरूपाचे वडील एसटीत ड्रायव्हर होते, ते गेल्यावर त्यांच्या जागी आईंना नोकरी लागली, एवढं मला माहीत होतं. आईंच्या भाषेत सांगायचं तर म्हैसाळपर्यंत. पुढचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, कारण मला ऐकण्याशिवाय कामच नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांना ड्यूटी मिळाली ती त्याच गाडीवर, जी ते चालवायचे. त्यांच्या सीटवर दुसरा माणूस. "पाठ बघवंना मला त्याची," आई हान्काबाईंना सांगत होत्या. "मग मी आठवडाभर मागं तोंड करून उभी ऱ्हायली. उलटी. तिकिटं फाडायची, पंच मारायचा, आन् दोरी ओढायची ती न बघता. लोक म्हणायचे, बाई, पडशीला. आठव्या दिवशी एक पोरगी गाडीत ओकली, तवा पळत पुढं जाऊन ड्रायव्हरला ओरडले, थांबीव की रं! तवा त्याचं तोंड बघितलं. गरीब होता बिचारा. घाबरलेला." आणि त्या हसल्या. त्यांनी उभं राहून, टेबलाकडे पाठ करून, हवेतली दोरी ओढून दाखवली.

हान्काबाईंनी डोळे पुसले. मग माझ्याकडे वळून चक्क जर्मनमध्ये विचारलं, "शेवटी हसली कशाला ती?"

झालं. इतक्या तासांनी माझ्या पदरात एक प्रश्न पडला होता आणि उत्तर माझ्याकडे होतं! आईंनी प्रश्न कुणाला आहे ते ओळखलं. त्यांचा हात हवेतल्या दोरीवरच राहिला. त्या माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, आणि तेच अवघड होतं. थांब्यावर गाडी उभी न करणाऱ्या ड्रायव्हरकडे लोक बघतात, तसं.

मी तोंड उघडलं आणि मराठीत म्हणालो, "आई, त्यांना हसण्याचं कळलं नाही. ते परत सांगा."

आईंनी खुर्ची हान्काबाईंच्या अगदी जवळ ओढली आणि त्या ओकणाऱ्या पोरीपासून पुन्हा सुरुवात केली. यावेळी पोरगीही त्याच झाल्या, ड्रायव्हरही त्याच झाल्या, त्याचे घाबरलेले डोळेही करून दाखवले. हान्काबाई आधी बघत राहिल्या. मग त्यांनी टेबलावर अशी थाप मारली, की चमचे उडाले. दोघी हसता हसता एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. मीसुद्धा हसत होतो आणि मला कुणी विचारत नव्हतं.

सव्वाचारच्या बसला हान्काबाई पोचवायला आल्या. टोपलीतली अंडी, केकचा अर्धा भाग आणि एक एप्रन आईंच्या पिशवीत गेलं होतं. चटणीची बरणी मागे राहिली होती. बस वळेपर्यंत दोघी हात हलवत, 'हाय, हाय' ओरडत होत्या. आई सीटवर बसल्या त्या अंगात वारं भरल्यासारख्या. हा देश आमच्या महिला मंडळातल्या एकीनेही पाहिलेला नाही, हान्काला मिरजेला बोलावलंय, पुढच्या वर्षी स्लोव्हेनियाला ती पण येणार... मला तोंड उघडायलाच मिळेना.

शेवटी त्या पाणी प्यायला थांबल्या तेव्हा मी विचारलं, "आई, पण खरं सांगा. त्या फोटो घेऊन पंधरा मिनिटं बोलल्या, त्यातलं तुम्हाला काय कळलं?"

"तुम्ही मधे न्हवता, म्हणून सगळं कळलं."