धुण्याचं पाणी

नवऱ्याची बदली कोलकात्याला झाली आणि आम्ही गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायला आलो. मला कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम मिळालं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा चण्याएवढा तुकडा आमच्याकडे यायचा. त्याच्या पेशी जेलच्या थेंबात ठेवल्या, की आठवडाभरात त्यांचे इवलेसे गोल तयार होत. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. कोणतं औषध त्या गाठीला लागू पडेल, ते आधी या गोलांवर बघता येतं. मायक्रोस्कोपला डोळा लावला, की भोवतालची खोली विरघळून जायची. उरायचे ते फक्त पारदर्शक, तरंगत असल्यासारखे गोल, आणि नदीवरून येणारा बोटीचा लांबट भोंगा.

त्या वर्षी डमडमच्या एक निवृत्त शिक्षिका आतड्याच्या गाठीसाठी दाखल झाल्या. संमतीपत्रावर सही करताना त्यांनी विचारलं, "म्हणजे त्याला तुम्ही जगवणार, आणि मला त्याच्यापासून वाचवणार?" आणि स्वतःच हसल्या.

त्यांचा तुकडा आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांच्या डिशमधला, पेशींना पोसणारा गुलाबी द्रव पिवळट, गढूळ झाला. मायक्रोस्कोपखाली पेशींच्या मधून बारीक ठिपके थरथरत होते. जंतू. आतड्यातच ते वस्तीला असतात, तुकड्याबरोबरच आले होते.

"अँटिबायोटिक वाढवून बघू या का?" मी विचारलं.

आमच्या तंत्रज्ञ दीदी वीस वर्षं पेशी वाढवायचं काम करत होत्या. त्यांनी मान हलवली. "याच इन्क्युबेटरमध्ये आणखी सहा जणांच्या डिश आहेत. टाकून दे."

मी ब्लीच ओतलं. कुणाचा तरी हात सोडल्यासारखं वाटलं. त्या तुकड्याचा अर्धा भाग तेवढा गोठवून ठेवला होता. पण तोही त्याच आतड्यातला.

"पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तुकडा धुतला होता मी," मी म्हणाले.

"दिसेपर्यंत," दीदी म्हणाल्या. "दिसण्यावर जाऊ नकोस."

दुसऱ्या रुग्णांचे पुढचे तुकडे आले, तेव्हा आम्ही प्रत्येक धुण्याच्या पाण्यातला एक थेंब जंतू वाढवायच्या बशीवर ठेवत गेलो. दुसऱ्या दिवशी बशीवर जंतूंचे पांढरे ठिपके उठलेले दिसायचे. काचेसारख्या पाण्याच्या थेंबातूनही ते उठत. तुकडा बारीक केला, की पाणी पुन्हा गढूळ होई. आतड्याच्या घड्यांमधल्या चिकट, बुळबुळीत आवेत जंतू दडून बसत होते. मग दीदींनी क्रम बदलला. आधी आव आणि मेलेला भाग खरवडून काढायचा, मग तुकडा चिरायचा, आणि चिरल्यावर अँटिबायोटिक व बुरशीनाशक घातलेल्या थंडगार द्रवात पुन्हा पुन्हा धुवायचा. नवी डिश आठवडाभर वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये एकटी ठेवायची.

बशी कोरी राहू लागली, तेव्हाच आम्ही शिक्षिकाबाईंचा गोठवलेला तुकडा बाहेर काढला. धुता धुता मला वेळेचं भान राहिलं नाही. नळीतला द्रव हलकेच फिरायचा, तुकडे हिमकणांसारखे तळाशी बसायचे, मी वरचं पाणी काढायची, नवं घालायची.

तिसरा दिवस गेला. द्रव गुलाबीच होता. आठव्या दिवशी थेंबाच्या कडेला एक गोल दिसला, मग तीन, मग मोजायचं राहूनच गेलं. दीदींनी मायक्रोस्कोपमधून बराच वेळ पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "चहा घेऊ या."

बाई केमोथेरपीसाठी आल्या, तेव्हा मी त्यांना फोनवर फोटो दाखवला. औषधांची चाचणी अजून चालू होती, तेही सांगितलं. त्यांनी चष्मा चढवला. बाहेर शिरीषाच्या झाडातून ऊन डुलत त्यांच्या चादरीवर येत होतं.

"किती सुंदर दिसतंय गं," त्या हळूच म्हणाल्या, आणि लगेच ओशाळल्या. मग माझा हात धरून त्यांनी तो फोटो पुन्हा मोठा करायला लावला.