जावईबापूंचा कासरा

खोट्या विमानातून पडून खरोखरचं अंथरूण धरणारा माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात एकच निघेल, आणि तो नेमका माझ्या धाकट्या नणंदेचा जावई आहे. जावईबापू वैमानिक. नणंदेने ही गोष्ट उमापुरातल्या शेळ्यांनासुद्धा सांगून ठेवलेली. विमानतळावरून आलेला हुकूम शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायची वैमानिकांची रीत असते म्हणे. ती रीत जावईबापू घरातही पाळत. मी म्हणायचे, "हात धुवा." ते म्हणायचे, "हात धुतो." "भाकरी घ्या." "भाकरी घेतली." नणंद याला संस्कार म्हणायची. मला वाटायचं, पोपट पाळलाय.

दुसरं वेड यंत्राचं. "मामी, माणूस चुकतो, यंत्र चुकत न्हाई," हे पालुपद. आमच्या विहिरीच्या मोटारीला त्यांनीच हौसेने ऑटो बसवला. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. एकदा पाइप निसटला आणि सगळं पाणी शेजारच्या धनगराच्या वाड्यात. जावईबापू ओसरीवर चहा पीत म्हणत होते, "काळजी नको, ऑटोवर हाय." तेवढ्यात शेजारी आला. "जावईबापू, मेंढरांना पवायला शिकवायलाव का?"

अशा माणसाला बंगळुरात संशोधनासाठी बोलावलं. तिथे एका खोलीत खोटं विमान, समोर पडद्यावर ढग. विमान आपोआप चालवणाऱ्या यंत्रावर वैमानिक किती विसंबतो ते बघायला त्याला आत बसवतात आणि मध्येच गुपचूप यंत्राचा हात काढून घेतात. जावईबापूंच्या लक्षात आलं तेव्हा पडद्यावर डोंगर आला होता. कुणाला खरचटलंही नाही. पण हे लांब रजा टाकून उमापूरला आले ते थेट आडवेच झाले. उठले की कुकरसमोर उभे राहून शिट्टीची वाट बघत. ऑटो काढून टाकला आणि लाईट यायची वाट बघत स्वतः विहिरीवर बसू लागले. एक दिवस म्हणाले, "मामी, मी आता विमानाला हात लावणार न्हाई." नणंद पदर तोंडाला लावून रडायला बसली, लेकीपेक्षा विमानासाठीच जास्त, असं माझं मत.

मग मी माझी गोष्ट सांगितली. नवी नवरी होते, अंगात अक्कल कमी आणि ऐट फार. गेवराईच्या बाजारातून नवी बैलजोडी आणलेली. "कासरा कशाला धरायचा? बैलांना वाट ठाव हाय," असं सासूला ऐकवून मी गाडीत ताणून दिली. वाट त्यांना ठाऊक होतीच, जुन्या मालकाच्या घराची. जाग आली तर बैल जुन्या गव्हाणीत तोंड घालून उभे, आणि एक अनोळखी बाई विचारतेय, "बैलं वापस करायला आलीस का गं?"

जावईबापू कितीतरी दिवसांनी हसले. मग हळूच म्हणाले, "मामी, परत कधी हाकली गाडी?"

"दुसऱ्याच दिवशी. सासूनंच कासरा हातात दिला. म्हणली, आता तू झोपायची न्हाईस."

आठवड्याने जावईबापू बॅग भरून परत नोकरीवर निघाले. मी म्हणाले, "कासरा सोडू नका." "कासरा सोडत न्हाई," ते म्हणाले.

आता विमानांच्या गडबडीत आमच्याकडे त्यांचं येणं होत नाही. दुपारी अंगणावरून एखादं विमान पांढरी रेघ ओढत जातं. ते त्यांचंच असेल असं थोडंच आहे. तरी मी मान वर करून विचारते, "जावईबापू, कासरा धरलाय ना?"

शब्दन् शब्द परत म्हणून दाखवणारा माणूस, पण तेवढ्या उंचीवरून काही ऐकू येत नाही.