भिंगरीचा फोटो आणि फोटोवाल्यांच्या मिशा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, चप्पल दुरुस्तीचं दुकान आणि दवाखाना यांच्या मधल्या फटीत एक फोटो स्टुडिओ आहे. रुंदी इतकी बेताची की दोन जाडी माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे सरकत सरकत रस्त्यावर जायचं. आत एक पांढरा पडदा, छत्रीवाला दिवा, गोल फिरणारं स्टूल आणि या सगळ्याचे मालक, आमचे फोटोवाले. वय पंचावन्न, अंगात कायम पिवळ्या चौकड्यांचा शर्ट आणि नाकाखाली अशा मिशा की लोकांना आधी त्या दिसायच्या, मग त्यांच्या मागचा माणूस.

माझं आणि फोटोचं कधीच जमलं नाही. गावच्या शाळेत सातवीत असताना फोटो काढायला एक जण सायकलवरून आला. ‘हलू नका’ म्हणाला आणि मला नेमकी शिंक आली. त्या फोटोत आजही अडतीस पोरं आणि माझ्या जागी एक धूर आहे. पण ते राहू द्या. गोष्ट माझ्या नातीची आहे. म्हणजे फोटोवाल्यांची आहे. म्हणजे दोघांची मिळून आहे.

नात सहा वर्षांची. खूश झाली की जागच्या जागी गोल फिरते, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. ती स्वमग्न आहे. डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द उच्चारला तेव्हा मी विचारलं, “औषध किती दिवसांचं?” माझी लेक म्हणाली, “बाबा, हा आजार नाही. ती घडलीच तशी आहे.” हे डोक्यात शिरायला मला वर्ष लागलं. आता मीच लोकांना समजावतो, कोणी विचारलेलं नसलं तरी.

भिंगरीला मोठा आवाज चालत नाही, आणि आधी न पाहिलेली गोष्ट तर मुळीच चालत नाही. दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये ती कान दाबून ओरडायची आणि लेक सगळ्यांची माफी मागत फिरायची. मग कोणीतरी सांगितलं, वाचनालयाच्या माडीवर एक केंद्र आहे. अशा मुलांच्या आईबापांनीच मिळून काढलेलं. बोलायला शिकवणाऱ्या बाई, झोके, घरी नेता येतील अशी खेळणी, आणि बुधवारी आईबापांना नुसतं बसून बोलायला एक खोली. लेक तिथे पहिल्यांदा गेली आणि कुणाचीही माफी न मागता घरी आली. हातपाय धुता धुता गुणगुणत होती. तिचं गुणगुणणं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

केंद्रात एकच जागा उरली होती. अर्ज शुक्रवारपर्यंत हवा होता, आणि अर्जावर फोटो. पांढरी पार्श्वभूमी, चेहरा समोर, दोन्ही कान दिसलेच पाहिजेत. मुदत टळली तर पुढल्या वर्षी या.

घरी आम्ही फोनवर शंभरेक फोटो काढले. एकात भिंगरीचा कान, एकात नुसते केस, आणि एक अगदी स्वच्छ, झकास फोटो माझ्या अंगठ्याचा. बाजारातल्या मोठ्या स्टुडिओत गेलो तर फ्लॅश उडाला आणि तिने असा आकांत मांडला की समोरचा दुकानदार बघायला आला. सोमवारी संध्याकाळी मी तोंड पाडून आमच्या फोटोवाल्यांपुढे उभा राहिलो.

“तिला आधी सांगून ठेवलं तर?” ते म्हणाले.

“केंद्रातल्या बाईही तेच म्हणतात. पण सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचत नाही हो.”

“मग सांगायचं कशाला? दाखवू या.” आणि मिशीवरून हात फिरवून म्हणाले, “आजोबा, माझा धंदाच दाखवायचा आहे!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक लांब पट्टी ठेवली. त्यावर एकापुढे एक फोटो चिकटवलेले. दुकानाचं दार. पायरी. पांढरा पडदा. स्टूल. कॅमेरा. आणि शेवटी कॅमेऱ्यामागे ते स्वतः, चौकड्यांचा शर्ट आणि मिशांसकट. भिंगरीने ती पट्टी जमिनीवर पसरली आणि बोट ठेवत ठेवत या टोकाहून त्या टोकाला गेली. मग परत. बुधवारी रात्री पट्टी उशाशी घेऊन झोपली. लेक म्हणाली, “बाबा, जमेल असं वाटतंय.” सकाळी मी दाढी दोनदा केली.

आणि तिथेच घात होता. दाढी फोटोवाल्यांनीही केली होती.

गुरुवारी सकाळी दहाला आम्ही पोचलो. दार पट्टीतल्यासारखं. पायरीही तशीच. भिंगरी एकेका फोटोवर बोट ठेवत आत निघाली. पडदा, बरोबर. स्टूल, बरोबर. कॅमेरा, बरोबर. आणि कॅमेऱ्यामागे पांढऱ्याशुभ्र कडक इस्त्रीच्या शर्टात एक गुळगुळीत अनोळखी गृहस्थ हसत उभे!

भिंगरीने पट्टीकडे पाहिलं. त्यांच्याकडे पाहिलं. “काका नाही,” म्हणाली, मागे फिरली आणि पायरीवर पाठ करून बसली.

“अहो, हे काय केलंत?” मी म्हणालो.

“पोर घाबरायला नको म्हणून मिशा काढल्या हो!” त्यांचा चेहरा पार उतरला. नव्याने उघड्या पडलेल्या वरच्या ओठावर घाम आला होता.

आतल्या खोलीतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. “तीस वर्षं मी म्हणतेय, त्या झाडूला कात्री लावा. तेव्हा हलले नाहीत. आणि आज, नेमकं आज!”

“अगं, माझा शर्ट कुठाय?”

“बादलीत! नवा घालणार म्हणालात ना?”

माणूस कामाचा पक्का. आत गेले आणि बादलीतला शर्ट पिळून तसाच चढवून आले. कोपरांतून पाणी गळत होतं. मग टेबलाखालून अल्बमचा काळा कागद काढला. कात्री चार वेळा चालवली आणि नाकाखाली चिकटपट्टीने मिशा लावल्या. लेक तोंडाला ओढणी लावून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय की हसतेय ते मला आधी कळेना. हसत होती!

“भिंगरी,” फोटोवाले हळूच म्हणाले, “आता बघ बरं.”

तिने वळून पाहिलं. पट्टी त्यांच्या तोंडाजवळ नेऊन धरली. फोटोतल्या मिशा, समोरच्या मिशा. डावी बाजू जरा खाली आली होती. तिने बोटाने ती वर सरकवली आणि दाबून बसवली. परक्या माणसाला ती कधी हात लावत नाही. आम्ही कोणी श्वाससुद्धा घेतला नाही.

मग ती सरळ स्टुलावर जाऊन बसली आणि फिरायला लागली.

मी म्हणणार होतो, “फिरू नको,” पण फोटोवाल्यांनी डोळ्यानेच मला गप्प केलं. ना फ्लॅश, ना आवाज. दिवा आधीपासून लावलेला. दर फेरीला तोंड समोर आलं की ते बटण दाबायचे. अकरा फेऱ्या झाल्या. कधी गाल, कधी वेणी, एकदा नुसता कान, तोही एकच. लेक घड्याळाकडे बघायला लागली.

बाराव्या फेरीला ओल्या शर्टाने आपलं काम केलं. फोटोवाल्यांना शिंक आली आणि मिशांचं डावं टोक सुटून लोंबू लागलं. भिंगरीने पाय टेकवून स्टूल थांबवलं. आता त्या पडतात की राहतात हे बघायला ती अगदी ताठ बसली, दोन्ही कान समोर, नजर थेट कॅमेऱ्याच्या दोन बोटं वर. अशी नजर मी सहा वर्षांत पाहिली नव्हती.

फोटोवाल्यांनी बटण दाबलं.

मिशा पडल्या. भिंगरी खदखदून हसली आणि पुन्हा फिरायला लागली. शिंकेने एक फोटो घालवला होता, एक मिळवून दिला. माझा हिशेब फिटला.

शुक्रवारी अर्ज गेला. खिडकीतल्या बाईंनी फोटो न्याहाळला. “छान सरळ बघतेय हो! कसं काय जमवलंत?” लेक म्हणाली, “फोटोवाल्यांनी मिशा काढल्या होत्या.” बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि शिक्का मारला.

भिंगरीला जागा मिळाली, आणि तिची पट्टी पाहून आता दर बुधवारी केंद्रात फोटोवाल्यांची वाट बघतात. न्हाव्याच्या दुकानाची पट्टी त्यांनी केली, दातांच्या डॉक्टरांची केली, आमच्या बसचीही केली, चालकाच्या निळ्या टोपीसकट. ज्याची पट्टी होईल त्याला ते एकच अट घालतात: “मुलं यायच्या दिवशी नटायचं नाही. फोटोत जसे आहात तसेच राहा.” न्हाव्याला पोट आत ओढून फोटो काढायचा होता. “मग ती मुलं येतील तेव्हाही ओढून धरावं लागेल,” म्हणाले. त्याने पोट सोडलं.

मिशा पूर्ववत यायला तीन महिने लागले. त्यांच्या बायकोने आशा सोडली आहे. केंद्राच्या ओळखपत्रासाठी फोटोची आणखी एक प्रत हवी होती, म्हणून परवा भिंगरीला घेऊन गेलो. तिच्या हातात तीच जुनी पट्टी. दार, पायरी, पडदा, स्टूल, कॅमेरा. शेवटच्या फोटोवर बोट ठेवून तिने वर पाहिलं.

“काका,” म्हणाली, आणि माझा हात सोडून आत गेली. मी पायरीवर तिच्या चपला सांभाळत उभा. स्टुलाची करकर बाहेरपर्यंत ऐकू येत होती.