हिरवे मास्तर

माझ्या धाकट्या दिरांना शाळेत सगळे हिरवे मास्तर म्हणतात. त्यांचं आडनाव हिरवे नाही. दिवसातून पन्नास वेळा ते वर्गात ‘हिरवं झालं का? हिरवं झालं का?’ करत फिरतात, म्हणून पोरांनी हे नाव पाडलं, आणि पोरांनी पाडलेलं नाव सहसा चुकत नाही. ते दुसरी शिकवतात, मी तिसरी. मधे प्लायवुडची भिंत. घरी एक छत आणि शाळेत एक भिंत, असा हा माणूस मी चौदा वर्षं ऐकते आहे. दीर म्हणून मान द्यायचा तो देते. त्यापुढे देण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

यंत्र दिसलं की भावजींचे हात शिवशिवतात. लग्न होऊन मी या घरात आले, त्याच आठवड्यात त्यांनी माझा मिक्सर उघडला. का, तर आवाज फार करतो. जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले. “कंपनीवाले उगाच जास्तीचे लावतात, वहिनी,” म्हणाले. तो मिक्सर आजही झाकण दाबून धरल्याशिवाय फिरत नाही.

पण खोटं कशाला बोलू? तेव्हाचा हा मास्तर सोन्यासारखा होता. चपलांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून अक्षरांचे पत्ते कापायचे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरायचे आणि जमिनीवर पोरांच्यात फतकल मारून बसून शब्द जुळवून घ्यायचे. एकदा एका पोरीनं ‘सर ढ’ असं जुळवलं. भावजी पोट धरून हसले आणि तिला शाबासकी दिली. त्यांच्याकडून तिसरीत आलेली मुलं धडाधड वाचायची, आणि त्याचं आयतं कौतुक मला मिळायचं.

मग टॅब आले. अठ्ठावीस मुलं, अठ्ठावीस टॅब आणि मास्तरांना दोन दिवसांचं प्रशिक्षण. भावजी गळ्यात बिल्ला अडकवून परत आले, तो बिल्ला जेवतानासुद्धा काढेनात. बिस्किटांचा डबा घरी आला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटावर गेला.

रोजची वाचनचाचणी अशी असते. टॅबवर एक वाक्य येतं, मूल ते मोठ्यानं वाचतं, टॅब ऐकतो आणि बरोबर असेल तर मुलाच्या नावापुढे हिरवा गोल उमटतो. अडखळलं तर पिवळा, चुकलं तर लाल. हे गोल आपोआप शिक्षण खात्याच्या वरच्या ऑफिसात दिसतात. वाक्याच्या कोपऱ्यात भोंग्याचं छोटं चित्र असतं. ते दाबलं की टॅब स्वतःच वाक्य वाचून दाखवतो. शिकवताना भोंगा चालू ठेवायचा, चाचणीला बंद करायचा. एवढं साधं.

पहिल्या चाचणीला भावजींनी तो बंद केला. चार हिरवे निघाले, बाकी वर्ग लालभडक. दुपारीच ऑफिसातून मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना फोन आला. त्या दुसरीच्या वर्गात गेल्या, दार लोटून घेतलं, आणि आत जे बोलल्या ते प्लायवुडनं मला शब्द न् शब्द ऐकवलं. दुसऱ्या दिवशी भावजींनी भोंगा चालू केला. “फक्त या आठवड्यापुरता, वहिनी. पोरांची भीती मोडेपर्यंत.”

तो आठवडा दोन वर्षं चालला आहे. टॅब बोलतो, मूल तेच परत म्हणतं, टॅब खूश. याला म्हणे वाचन! आणि कमाल ऐका. भोंगा आपणच चालू केलाय हे भावजी चक्क विसरले आणि त्या गोलांवर विश्वास ठेवायला लागले. दुसऱ्याला फसवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, स्वतःला इतकं मन लावून फसवणारा हा एकच.

गेल्या वर्षी त्यांची ही हिरवी पोरं माझ्या वर्गात आली. पुस्तक उघडायला सांगितलं, तर अर्धी पोरं पानाचा कोपरा अंगठ्यानं दाबत बसली. मी कपाळावर हात मारला आणि तडक मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी भिंतीवरचा हिरवागार आलेख दाखवला आणि विचारलं, “मग तुमच्याच वर्गात आल्यावर बिघडली का हो मुलं?” मी परत आले आणि तिसरीच्या पोरांना पहिल्या अक्षरापासून शिकवायला बसले.

या वर्षी दुसरीत भावजींची स्वतःची मुलगी आहे. माझी पुतणी, सात वर्षांची, घरात सगळे तिला चिमणी म्हणतात. वर्गात सर्वांत जास्त हिरवे गोल तिचे. एका संध्याकाळी मी तिला म्हटलं, “चिमणे, साखरेचा डबा काढ गं.” तिनं मिठाचा काढला. डब्यावर मी माझ्या हातानं हे एवढं मोठं ‘मीठ’ लिहिलंय. मी तिला ती डब्यावरची चिठ्ठी वाचायला सांगितली. ती चिठ्ठीकडे बघत राहिली, मग माझ्या तोंडाकडे.

“भावजी, चिमणीला वाचता येत नाही,” मी सरळ सांगितलं.

त्यांनी टॅब काढला. “एकशे बारा हिरवे आहेत तिचे, वहिनी.”

“अहो, तिला ‘मीठ’ वाचता आलं नाही!”

ते जरा विचारात पडले. मला वाटलं, पडला प्रकाश. पडला कसला! म्हणाले, “डोळे असतील. टॅबवर दिसतं, डब्यावर दिसत नाही, म्हणजे चष्मा लागला असणार.”

दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी मुद्दाम गेले. डॉक्टर म्हातारे, शांत. त्यांनी चिमणीला उंच खुर्चीत बसवलं, एक डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्यावरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरावर काठी ठेवली. “हे कोणतं, बाळ?”

चिमणीनं डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहिलं. डॉक्टरांनी दुसरं अक्षर दाखवलं, तिसरं दाखवलं. मग चिमणी अगदी शहाण्यासारखी म्हणाली, “डॉक्टरकाका, आधी तुम्ही म्हणा ना. मग मी म्हणते.”

डॉक्टरांनी काठी खाली घेतली. तक्ता उलटवला. मागच्या बाजूला नुसत्या कंगव्यासारख्या खुणा होत्या, दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटानं दाखवायचं. चिमणीनं वरपासून खालपर्यंत एकही न चुकता दाखवलं, शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा. “डोळे उत्तम आहेत,” डॉक्टर भावजींना म्हणाले. “मुलीला शाळेत घातलंय की नाही?”

भावजींच्या गळ्यात बिल्ला होता. त्यांनी तो शर्टाच्या आत सरकवला. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांची दया आली.

घरी येताच त्यांनी कपाटावरचा डबा उतरवला, फडक्यानं पुसला आणि जमिनीवर चिमणीसमोर बसले. रोज संध्याकाळी तासभर. हातातली कला गेली नव्हती हो! दोन महिन्यांत पोरगी माझे सगळे डबे वाचायला लागली, अडखळत, पण स्वतःच्या डोळ्यांनी. मी एकदा विचारलं, “भावजी, डबा वर्गात कधी नेताय? आणखी सत्तावीस पोरं आहेत तिथे.”

“नेणार, वहिनी. या महिन्यात अख्खा वर्ग हिरवा राहिला की आदर्श शिक्षकाचा मान आहे. तेवढं होऊन जाऊ द्या.”

माझं डोकंच फिरलं. म्हणजे स्वतःच्या पोरीला अक्षरं, आणि लोकांच्या पोरांना भोंगा! मी तोंडावर तसं म्हटलंसुद्धा. त्यांनी मान खाली घातली आणि पत्ते डब्यात भरले.

परवा भिंतीपलीकडे चाचणी चालू होती. भोंगे बोलत होते, पोरं म्हणत होती. मधेच एक आवाज वेगळा आला, बारीक, सावकाश, थांबत थांबत. चिमणी भोंगा न दाबता वाचत होती. ‘रस्ता’ या शब्दाला अडखळली, परत मागे आली आणि म्हणाली, बरोबर म्हणाली. इकडे माझा खडू हातातच राहिला.

मग भावजींचा आवाज आला. “पिवळा? चिमणे, सगळ्या वर्गात तुझा एकटीचा पिवळा? असं स्वतःचं स्वतः वाचायचं नाही इथे. आधी ऐक, मग म्हण.”

थोड्या वेळानं चिमणी पाणी प्यायचं निमित्त करून माझ्या दारात येऊन उभी राहिली. शाळेत मला बाई म्हणायचं, अशी आमच्या घरची शिस्त. ती विसरली.

“काकू, तुझ्या वर्गात वाचलेलं चालतं का गं?”

“चालतं,” मी म्हटलं आणि तिला पहिल्या बाकावर बसवलं. पलीकडे भावजी विचारत होते, “हिरवं झालं का?” आणि सत्तावीस पोरं एका सुरात ओरडली, “झालं, सर!”