शांतम्मा पळाली

मुरूमच्या बाजूला, कर्नाटकाच्या शिवेजवळच्या एका गावात शांतम्माची पिठाची गिरणी आहे. बाई अंगानं भरभक्कम. काट्यावर पोतं ठेवायचं की मालकिणीला, असं लोक चिडवत आणि ती त्यांच्याहून मोठ्यानं हसे. पण तिची आई अशीच धापा टाकत, पन्नाशी न बघता गेली होती. दळणाचा डबा उचलताना आपल्यालाही तशीच धाप लागायला लागली, तेव्हा मात्र ती भ्याली.

भ्याली आणि दुसऱ्याच दिवशी चपलेवर जीव खाऊन पळाली. गुडघा नारळाएवढा सुजला. उमरग्याच्या डॉक्टरीणबाईंनी आधी रक्तदाब तपासला, मग झापलं. "सूज उतरेपर्यंत आराम. मग महिनाभर नुसतं चाला. त्यानंतर चांगले बूट घालून, मातीच्या रस्त्यानं, विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत सावकाश पळा, पुढचे दोन खांब चाला. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबा आणि इकडं या. पळताना बोलता आलं पाहिजे. नाही आलं, तर वेग जास्त झाला."

तिनं शब्दन् शब्द पाळला. चालून चालून शेवटी पळायचा दिवस उजाडला आणि नेमकं दुधाचे कॅन घेऊन चाललेल्या बलभीमनं पाहिलं. त्यानं तिच्या सासूला, सिद्धम्माला, दारातच सांगितलं, "आक्का, तुमची सून पळाली."

आपल्याकडं बाई पळाली म्हणजे एकच अर्थ. सिद्धम्मानं कपाळ बडवून घेतलं, गल्ली जमली, कुणीतरी शांतम्माच्या नवऱ्याला, विरेशला, झोपेतून उठवून धीरही दिला. तेवढ्यात घामानं निथळत बाई स्वतःच दारात हजर.

गल्ली पांगल्यावर सासू म्हणाली, "उद्यापासून बंद. गावात नाव निघतंय."

"निघू द्या, आत्याबाई. माझी आई गेली तवा गावानं लई चांगलं नाव घेतलं तिचं. तिला काय उपेग झाला? मला जगायचंय."

दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम डेअरीसमोरचा रस्ता धरला. बलभीमनं हटकलंच, "वहिनी, आज कुणासंगं पळालाव?"

"ह्या बुटासंगं. मापात हाय, तरास देत न्हाय, मधीच सोडून जात न्हाय. उद्या बी पळणार, परवा बी. तुमी गावभर सांगा भावजी, आन् सांगताना येळ बी सांगा, म्हंजी बघणाऱ्यांची चुकामूक व्हायची न्हाय."

एवढं सगळं ती पळता पळता बोलली. धाप लागली नाही.